रुळली नाही, गप्प झाली

कुत्री घरात आल्यानंतर चौथ्या महिन्यात आई म्हणाली, "आता रुळली बघ मनी. आवाजसुद्धा नसतो तिचा."

आवाज नव्हता हे खरं. पेणमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मनी तेव्हा दिवसाचे अठरा-वीस तास बेडरूमच्या कपाटावर, जुन्या सुटकेसच्या मागे बसलेली असायची. रात्री दोन-अडीचला, दादाची दोन्ही कुत्री गाढ झोपली की खाली उतरायची, चार घास खायची आणि पुन्हा वर. तिच्या मातीच्या ट्रेपर्यंत जायला हॉल ओलांडावा लागायचा आणि हॉलमध्ये कुत्री असायची. म्हणून ती त्या सुटकेसवरच लघवी करायला लागली होती. आम्ही सुटकेस धुतली, तिला ओरडलो आणि आल्यागेल्याला कौतुकानं सांगत राहिलो की आमच्याकडे कुत्री-मांजर एकत्र राहतात.

हा लेख त्या कौतुकाविरुद्ध आहे. आधी माझ्या स्वतःच्या, मग तुमच्या.

माझं म्हणणं असं आहे. ज्या घरात मांजर भीतीनं गप्प झालंय आणि प्रामाणिक प्रयत्न करूनही ते बदलत नाही, तिथून त्याला दुसरं घर बघून देणं ही बेइमानी नाही. त्याला तिथेच ठेवून घेणं ही बेइमानी आहे. एवढं म्हटलं की दोन्हीकडची माणसं अंगावर येतात. एक म्हणतात, "एका मांजरासाठी एवढा विचार कशाला? मासळी बाजारात सोडून या." दुसरी म्हणतात, "एकदा आणलं की मरेपर्यंत सांभाळायचं. जमत नव्हतं तर आणायचं कशाला?" मला दोघांशीही भांडायचंय, कारण मांजराकडे दोघंही बघत नाहीत.

आधी 'रुळणं' या शब्दाबद्दल. नवी सून रुळली, होस्टेलवरचं पोरगं रुळलं, ऑफिसातली नवी मुलगी रुळली, असं आपण येता-जाता म्हणतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ इतकाच असतो की तक्रार थांबली. तक्रार थांबायची कारणं दोन. एक, त्रास संपला. दोन, तक्रार करून उपयोग नाही हे कळून चुकलं. बाहेरून दोन्ही अगदी सारखी दिसतात. सुनेला किंवा पोराला निदान बाजूला घेऊन विचारता तरी येतं. मांजराच्या बाबतीत ती सोय नाही, त्यामुळे बघणाऱ्याची जबाबदारी वाढते.

आणि बघायला आपल्याला येत नाही, कारण आपण मांजराला कुत्र्याच्या मापानं मोजतो. कुत्रा लांडग्याच्या कुळातला, कळपात राहणारा. कळपात भांडण झालं तर मिटवावं लागतं, म्हणून शेपटी पायात घालणं, चाटणं, लोळण घेणं अशी समेटाची भाषाच त्याच्याकडे आहे. मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकेतलं आणि पश्चिम आशियातलं रानमांजर. ते एकट्यानं शिकार करणारं. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे, म्हणजे आपली सोबत जुनी. पण धान्याच्या कोठारात उंदीर मारायला आलेल्या या प्राण्यानं आपला एकटेपणा पूर्ण कधीच सोडला नाही. एकट्या प्राण्याकडे भांडणावर मुख्य उपाय एकच असतो: तिथून निघून जाणं.

आता त्याला दार बंद असलेल्या फ्लॅटमध्ये ठेवा. निघून जायला जागाच नाही. मग ते गोठून बसतं. कमी खातं, रात्रीच खातं, एकच जागा चाटून चाटून केस काढतं, नको तिथे लघवी करतं. ओरडत नाही, चावत नाही. छोट्या शिकारी प्राण्याची ही रीतच आहे. तो स्वतः मोठ्या प्राण्यांची शिकारही असतो, त्यामुळे दुखणं दाखवणं त्याला परवडत नाही.

आम्ही शेवटी मनीला पनवेलला डॉक्टरांकडे नेलं. लघवीत जंतुसंसर्ग नव्हता, मूत्राशयाला सूज मात्र होती. डॉक्टरांनी औषध लिहायच्या आधी विचारलं, "घरात काय बदललं?" मांजरांमध्ये ताणामुळे मूत्राशयाचा हा त्रास होतो, हे मला त्या दिवशी कळलं. बोक्यांच्या बाबतीत तर तो जिवावरही बेतू शकतो. बोका लघवीला बसतोय आणि होत नाहीये असं दिसलं तर सकाळपर्यंत थांबायचं नसतं. आणि "हट्ट करतेय, भूक लागली की खाईल" हे आपलं आवडतं वाक्य मांजराला लागू नाही. काही दिवस पोटात काही गेलं नाही तर त्याच्या यकृतात चरबी साचून ते गंभीर आजारी पडू शकतं. आम्ही ज्याला खोडी म्हणत होतो ते दुखणं होतं.

"पण कुत्र्या-मांजराचं वैर तर जन्माचंच," असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. आपल्या म्हणींमध्ये ते वैर आहे, पण आपल्या जुन्या घरांमध्ये नव्हतं. पेण, रोहा, नागोठणे या पट्ट्यातलं कुठलंही जुनं कौलारू घर आठवा. पुढे अंगण, मग ओटी किंवा पडवी, आत माजघर, स्वयंपाकघर आणि वर माळा. कुत्रा अंगणात नाहीतर पडवीत. त्याचं काम दारावर. मांजर चुलीच्या उबेला आणि माळ्यावर. तिचं काम उंदरांवर. एक जमिनीवरचा, एक उंचीवरची. एक उंबऱ्याबाहेरचा, एक उंबऱ्याआतली. दिवसातून चार वेळा समोरासमोर आले तर मांजर पाठीची कमान करायचं, फिस्कारायचं, दोन उड्यांत वर जायचं. कुत्रा खाली उभा राहून भुंकायचा आणि कंटाळून परत जायचा. कोणी कोणाचं मित्र नव्हतं आणि तशी गरजही नव्हती. घराच्या रचनेनंच तह करून दिला होता.

मग घरं पाडून इमारती झाल्या. माळा गेला, त्याच्या जागी पीओपीचं छत आलं. अंगण गेलं, तिथे पार्किंग आलं. आणि अंगणातला कुत्रा, अगदी योग्य कारणांसाठी, आत सोफ्यावर आला. कुत्र्याला घरात घेतलं याबद्दल माझी तक्रार नाही. साखळीला बांधून पावसात भिजत ठेवण्यापेक्षा ते शंभर पटीनं बरं. पण तो आत आला तेव्हा मांजराची उंची आपण काढून घेतली होती, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मनी मूळची पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यातली. दोन महिन्यांचं पिल्लू असताना ती मूर्तींच्या मांडण्यांवरून, सोंडांच्या आणि मुकुटांच्या मधून, एकही मूर्ती न पाडता चालायची. अशा मांजराला आम्ही उंची म्हणून काय दिलं? एक कपाट.

"पण रील्समध्ये तर कुत्रा-मांजर गळ्यात गळे घालून झोपतात!" झोपतात. त्यातली कितीतरी पिल्लं असल्यापासून एकत्र वाढलेली असतात. मांजराच्या पिल्लाच्या आयुष्यात साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा काळ असा असतो की त्यात जे भेटतं ते आपलं वाटतं. त्या काळात कुत्रा भेटला तर कुत्राही आपला. पाच वर्षांच्या मांजरासमोर अचानक तीस किलोचा लॅब्राडॉर आणि त्याच्याहून चपळ एक गावठी कुत्रा आणून उभा केलात, तर ती रील तुमच्या घरात घडेलच असं नाही. काही मोठी मांजरं कुत्र्यांना सरावतात, हेही खरं. पण 'काही' म्हणजे 'सगळी' नाही, आणि आपल्या घरातलं मांजर कुठल्या गटात आहे ते रीलवरून कळत नाही.

आता पहिल्या बाजूकडे वळते. "सोडून या" म्हणणारे.

ही पद्धत गावोगाव माहीत आहे. मांजराला पोत्यात घालायचं, म्हणजे वाट दिसणार नाही. नदी ओलांडायची, म्हणजे परत येणार नाही. पेणकरांसाठी ही नदी भोगावती, रोहेकरांसाठी कुंडलिका. मासळी बाजाराच्या मागे तोंड उघडून पोतं उपडं करायचं आणि मागे न बघता निघायचं. "तिथे काय, खायला रोज मिळतं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते आपल्याला झोप लागावी म्हणून तयार झालेलं अंगाईगीत वाटतं. बाजारातली प्रत्येक फळी आणि प्रत्येक टोपली तिथल्या मांजरांनी आधीच वाटून घेतलेली असते. घरात वाढलेल्या मांजराला त्या हद्दी माहीत नसतात, गाड्या माहीत नसतात. आणि ज्या कुत्र्यांच्या भीतीमुळे तिला घराबाहेर काढलं, तशी दहा कुत्री तिथे मोकळी असतात.

आपल्याकडे मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं असं जुनी माणसं सांगायची. म्हणजे मारण्याचं पाप एवढं मोठं मानलेलं. सोडून देण्याला मात्र काहीच शिक्षा नाही, एक पितळेचं मांजरसुद्धा नाही. यातली सोय लक्षात घ्या. सोडलं की ते कसं मेलं हे आपल्याला बघावं लागत नाही, आणि बघितलं नाही म्हणजे घडलं नाही.

कायद्यानं मात्र हे बघितलंय. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ सांगतं की उपाशी-तहानेलं राहून प्राण्याचे हाल होतील अशा अवस्थेत त्याला विनाकारण सोडून देणं ही क्रूरता आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. पेणमधल्या एका वडापावच्या हिशेबात ही क्रूरता बसते. तेव्हा कायद्याच्या धाकानं कोणी थांबेल अशी आशा नको. थांबायचं असेल तर आपल्याच भाषेतल्या दोन क्रियापदांपाशी थांबावं. 'सोडणं' आणि 'देणं'. सोडायला फक्त सोडणारा लागतो. द्यायला घेणाराही लागतो. त्याचं घर लागतं, त्याचा होकार लागतो, आणि उद्या "कसं आहे?" असं विचारता येईल असा फोन नंबर लागतो. माझा सगळा युक्तिवाद देण्याच्या बाजूचा आहे. सोडणाऱ्यांनी त्याच्या आड लपू नये.

आता दुसरी बाजू. ही माझ्या वयाची, माझ्याच फोनमधली माणसं आहेत आणि त्यांचा मला जास्त राग आहे, कारण त्यांचं प्रेम खरं आहे.

एखाद्या ग्रुपवर कोणी लिहितं, "घरात कुत्रा आल्यापासून मांजर त्रासात आहे, चांगलं घर शोधतोय." खाली लगेच सुरू होतं: स्वतःच्या मुलाला असंच देऊन टाकाल का, तुमच्यासारख्यांनी प्राणी पाळूच नयेत, जबाबदारी कळत नाही तर हौस कशाला. शंभर जण शिव्या घालतात. "माझ्या मावशीकडे जागा आहे" असं म्हणणारा एखादाच निघतो, आणि तोवर त्या माणसानं पोस्ट काढून टाकलेली असते. पुढे त्या मांजराचं काय झालं? एक तर ते कपाटावर सडत राहिलं, कारण आता द्यायची लाज वाटते. किंवा एका रात्री पोतं निघालं, कारण पोत्यावर कोणी कमेंट करत नाही. उघडपणे दुसरं घर शोधणाऱ्याला तुम्ही जितकं लाजवाल, तितकं गुपचूप सोडणं वाढेल. तुम्हाला मांजर वाचवायचं होतं. प्रत्यक्षात तुम्ही फक्त त्या माणसाला गप्प केलंत. मनीला आम्ही केलं तसंच.

"मुलाला देऊन टाकाल का" हा प्रश्नही खोटा आहे. मुलगा भावाला बघून चार महिने कपाटावर चढून बसला आणि अंथरुणात लघवी करायला लागला, तर आपण त्याला "रुळला" म्हणणार नाही. आणि गरज पडली तर आपण मुलांनाही मामाकडे, आजोळी, होस्टेलवर ठेवतोच. ठेवणाऱ्याला कोणी खुनी म्हणत नाही. त्या मुलाचं भलं कुठे आहे, एवढंच विचारतो.

२०२५च्या जुलैअखेरीस कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानंतर गुजरातमधल्या वनतारात नेली गेली. ती मठात तीसहून जास्त वर्षं होती. लोक रडले, हजारोंनी मोर्चे काढले, निषेध म्हणून मोबाइलची सिमकार्डं बदलली. एका बाजूला तिच्या पायांच्या आणि सांध्यांच्या दुखण्याचे अहवाल होते, दुसऱ्या बाजूला पिढ्यांची माया होती. त्या प्रकरणात कोण बरोबर हे ठरवायला मी इथे बसलेली नाही. पण ते वाद मी फोनवर वाचत होते तेव्हा एक गोष्ट टोचत राहिली. "आमची हत्तीण" हे शब्द शंभरदा यायचे, "तिचे पाय" एखाद्या वेळी. आमच्या घरातही तेच चाललं होतं. "आमची मनी, आम्ही कशी देऊ?" हे आई म्हणायची, मी म्हणायचे, दादाही म्हणायचा. मनीच्या मूत्राशयाबद्दल मात्र आमच्यात वाक्य नव्हतं.

इथे एक प्रश्न तुम्ही मला विचारायलाच हवा. घर मांजराचं आधीपासून, कुत्री नंतर आली. मग मांजरानंच का जायचं?

हा प्रश्न मी स्वतःला टाळू दिला नाही, आणि उत्तर छान नाही. लॅब्राडॉरला दादानं हजारो रुपये मोजले होते. मनी फुकट आली होती. कुत्रा दारात नाचतो, मांजर येऊन बघून जातं. कुत्र्याच्या इमानाचे आपण पुतळे करतो. आपल्याच जिल्ह्यात रायगडावर वाघ्याचा आहे. त्याच्या कथेला इतिहासाचा आधार नाही म्हणून २०१२मध्ये तो पुतळा हटवला गेला, पुन्हा बसवला गेला, आणि २०२५मध्ये तो काढायची मागणी पुन्हा झाली. कुत्र्याच्या इमानावरून आपण गडावर भांडू शकतो. मांजराचा साधा दगडही कुठे नाही, उलट आडवं गेलं तर आपणच दोन पावलं मागे सरतो. तेव्हा "मांजराला दे" हे वाक्य घरात जितक्या सहज निघतं, तितक्या सहज "कुत्र्याला दे" निघत नाही. त्यात किंमत आहे, इमानाची हाव आहे. तुमच्या घरातही हे वाक्य निघालं तर त्याला आधी हटका. ज्याला कुत्रा हवाय त्यानं वेगळं राहावं, हा पर्याय सगळ्यात आधी टेबलावर यायला हवा.

आमच्याकडे तो आला होता. दादाची नोकरी गेली म्हणून तो पुण्याहून घरी परत आला होता. वेगळी खोली भाड्यानं घेणं परवडणार नव्हतं. कुत्री पिल्लं असल्यापासून त्याच्याशी बांधलेली. ती एकमेकांपासून आणि त्याच्यापासून तुटली असती. हे लिहायला मला आवडत नाही, पण बहुतेक घरांत निर्णय शेवटी इथेच होतो, चौरस फुटांत आणि पगारात. नीतीच्या गप्पा मारणाऱ्यांनी हे धरूनच बोलावं.

याचा अर्थ कुत्रा आला की मांजर द्या, असा मुळीच नाही. बहुतेक घरांना आधी नवीन मालक नाही, एक बंद दार हवं असतं. आम्ही जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते चार महिन्यांनी केलं. बेडरूम पूर्णपणे मनीची केली: तिचं खाणं, पाणी, माती, सगळं तिथेच. कुत्र्यांच्या अंथरुणाचा तुकडा तिच्या खोलीत आणि तिचा कुत्र्यांकडे, म्हणजे आधी वासाची ओळख. मग दारात जाळी, कुत्री पट्ट्यावर, पाच-पाच मिनिटं एकमेकांना बघणं, आणि कुत्र्यानं मांजराकडे न बघता दादाकडे बघितलं की त्याला खाऊ. भिंतीवर चढत्या फळ्या ठोकल्या. हे काम आठवड्यांचं असतं, कधी महिन्यांचं. ज्यांनी हे केलेलं नाही त्यांनी "आमचं मांजर जुळवून घेत नाही" असं म्हणू नये. तोवर तुम्ही त्याला जुळवून घ्यायची संधीच दिलेली नाही.

पण या प्रयत्नालाही शेवट हवा, नाहीतर 'प्रयत्न चालू आहे' हाच सहन करायला लावायचा नवा बहाणा होतो. मी एक वही केली आणि त्यात तीनच गोष्टी लिहीत गेले. पहिली: दिवसा, कुत्री जागी असताना, मांजर जमिनीवर उतरतं का? दुसरी: खाणं, पाणी, माती आणि झोपायची जागा या चारही गोष्टींपर्यंत त्याला कुत्र्यांसमोरून न जाता पोहोचता येतं का? तिसरी: गेल्या महिन्यापेक्षा या महिन्यात काय सुधारलं, हे तारखेनिशी सांगता येतं का? "वाटतंय जरा बरं" चालणार नाही, तारीख हवी.

तीन महिन्यांनी माझ्या वहीत दुसऱ्या प्रश्नाला 'हो' होतं, कारण ती एका खोलीत कोंडलेली होती. पहिल्याला 'नाही'. तिसऱ्यापुढे रेघ. गावठी कुत्रा जाळीपाशी तासन्‌तास तिच्याकडे टक लावून बसायचा. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण मनीला ते कुठून कळणार? आणि लघवीत पुन्हा रक्त आलं.

तेव्हा शेवटचा आक्षेप आला, आणि तो सगळ्यात वजनदार आहे. आई म्हणाली, "मांजर माणसाला नाही, घराला धरून असतं. घरच बदललंस तर ती मरेल." हे अर्धं खरं आहे. मांजराला जागेचा लळा असतोच. पण मग विचारा, कुठल्या जागेचा? मनीचं घर म्हणजे खिडकीतलं ऊन, ओट्याखालचा गारवा, हॉलच्या दारातून दिसणारा जिना. यातलं काहीच आता तिचं नव्हतं. तिनं घर सोडलं नव्हतं, तिच्या पायाखालून ते निघून गेलं होतं. आम्ही तिला घरातून काढणार नव्हतो. ज्या कपाटाला आम्ही घर म्हणत होतो, त्यावरून काढणार होतो. आणि मांजरी आपली पिल्लं सात घरं फिरवते, असं आपणच म्हणतो ना? जागा धोक्याची वाटली की ती स्वतः पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे नेते. त्याला कोणी बेजबाबदारपणा म्हणत नाही.

रोह्याला, अष्टमीत, माझी आत्या एकटी राहते. कौलारू घर, वर माळा, घरात कुत्रा नाही. फोनवर तिला सगळं सांगितलं तर म्हणाली, "उंदरांनी तांदळाची कणगी पोखरलीये माझी. आणि तुमचं मांजर तिथे कपाटावर बसून काय करतंय? दे इकडे." आपल्याकडे मांजर मागून नेण्याची ही जुनीच रीत आहे. त्याला आपण कधी मोठं नाव दिलं नाही, पण ती शाबूत आहे. पेण-रोह्यासारख्या गावांत चांगलं घर शोधायला आधी आपल्या आत्या, मावशा, जुन्या शेजारणी आठवाव्यात.

देताना मात्र हात झटकायचे नसतात. मनीची नसबंदी झाली होती. रेबीजची लस आणि बाकीच्या लसींचं कार्ड सोबत दिलं. तिची न धुतलेली चादर दिली, तीच माती, तेच खाणं. आत्याला आधीच सांगितलं की पहिले तीन आठवडे माजघराबाहेर सोडायची नाही, नाहीतर ती जुन्या घराच्या वाटेला लागेल. आणि जमलं नाही तर ती परत येईल, मग दादाच्या राहण्याचं काहीतरी बघावं लागेल, हे दादासमोर बोलून ठेवलं. पेण ते रोहा रस्त्यानं चाळीसेक किलोमीटर. टोपलीत ती वडखळ नाक्यापर्यंत ओरडत होती, नागोठण्याच्या पुढे गप्प झाली. त्या गप्प होण्याची मला तेव्हा फार भीती वाटली. शब्दांच्या बाबतीत मी तोवर शहाणी झाले होते.

पहिले पाच दिवस ती आत्याच्या कणगीमागेच होती. दुसऱ्या दिवशी थोडं खाल्लं. आत्या रोज फोन करायची. आईनं दोन दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं. दादा म्हणाला, "माझ्यामुळे गेली." मी त्याला "नाही रे" म्हणाले नाही. काही अपराध खरे असतात आणि ते झेलावेत. फक्त ते झेलायचं काम मांजराला देऊ नये.

गणपतीत रोह्याला गेले. मनी माळ्याच्या शिडीवर होती. मी हात पुढे केला. ती दोन पायऱ्या उतरली, बोटं हुंगली, ओढणी हुंगली आणि पुन्हा वर निघून गेली. माझ्या कपड्यांना कुत्र्यांचा वास होता.

दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. आरतीला आलेली मुलं ओटीवर दंगा करत होती, शेजारच्यांचा कुत्रा अंगणात भुंकत होता. मनी शिडीवरून उतरली आणि माजघराच्या मधोमध चालत, पानांच्या बाजूनं, स्वयंपाकघरात आपल्या ताटलीकडे गेली. भर दुपारी, जमिनीवरून. आत्यानं वर बघितलंही नाही. तिच्यासाठी ते रोजचंच होतं.